पणजोबांच्या पणजोबांची लढाई: अमेरिकेतल्या वंशपरंपरागत संस्थांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलाने किंवा मुलीने इथे अमेरिकेत लग्न केलेलं असतं, नातवंडं होतात, आणि एका थँक्सगिव्हिंगला विहीणबाई सहज बोलून जातात की आमच्या घरातलं कोणीतरी वॉशिंग्टनच्या सैन्यात होतं. पुढच्या आठवड्यात मला फोन येतो. सुनेच्या अर्जासाठी मी दोन वर्षं कागद गोळा करत होते, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली आहेत. सगळं वाचायला वेळ नसेल तर प्रश्न ४, ६ आणि ७ आधी वाचा.

१. या संस्था म्हणजे नेमकं काय? माजी सैनिकांच्या संघटना का?

नाही. माजी सैनिकांच्या संघटनेत स्वतः नोकरी केलेली माणसं असतात. इथे सभासदाने आयुष्यात बंदूक पाहिलेली नसली तरी चालतं. त्याच्या एखाद्या पूर्वजाने ठरावीक युद्धात सेवा केलेली असावी लागते, आणि त्या पूर्वजापासून स्वतःपर्यंत एकेक पिढी कागदाने जोडून दाखवावी लागते. म्हणजे पुरावे दोन: सेवेचा आणि वंशाचा. मी पाहिलेले बहुतेक अर्ज वंशाच्या पुराव्यावर अडले. पूर्वज लढला होता हे पटकन सापडतं. तो आपलाच होता हे दाखवताना घाम फुटतो.

२. मुख्य संस्था कोणत्या?

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या बाबतीत चार नावं लक्षात ठेवा. सर्वात जुनी सोसायटी ऑफ द सिनसिनाटी, १७८३ सालची, फक्त अधिकाऱ्यांच्या वंशजांची (प्रश्न १२). सन्स ऑफ द अमेरिकन रिव्होल्यूशन, म्हणजे एसएआर, १८८९ मध्ये पुरुषांसाठी निघाली. तिने बायकांना घेतलं नाही, म्हणून पुढच्याच वर्षी, ११ ऑक्टोबर १८९० ला वॉशिंग्टन शहरात डॉटर्स ऑफ द अमेरिकन रिव्होल्यूशन, डीएआर, उभी राहिली. आज या चारींत तीच सर्वात मोठी आहे, स्थापनेपासून दहा लाखांहून जास्त बायका तिच्या सभासद झाल्या आहेत. चौथी मुलांसाठी, चिल्ड्रेन ऑफ द अमेरिकन रिव्होल्यूशन, १८९५ सालची. तिथे बावीस वर्षांच्या आतले मुलगे आणि मुली दोन्ही चालतात.

बाकीच्या युद्धांच्याही संस्था आहेत: १८१२ चं युद्ध, मेक्सिकोशी झालेलं युद्ध, यादवी युद्ध. यादवी युद्धाबद्दल प्रश्न १५ मध्ये वेगळं लिहिलं आहे.

३. पूर्वज सैनिकच असायला हवा का? आमच्या सुनेचे पूर्वज साधे शेतकरी होते.

साधे शेतकरी चालतात. सैन्याला गहू, गुरं, घोडे, चारा दिला आणि त्याची पावती सरकारी दप्तरात असली, तर डीएआर त्याला देशसेवा मानते. नव्या राज्याशी एकनिष्ठतेची शपथ घेऊन सही केली, गावच्या समितीवर काम केलं, जखमींची शुश्रूषा केली, चर्चमध्ये स्वातंत्र्याच्या बाजूने प्रवचन दिलं, तरी चालतं. मुदत साधारण १९ एप्रिल १७७५, म्हणजे युद्धाला तोंड फुटलं त्या लेक्झिंग्टनच्या चकमकीपासून, २६ नोव्हेंबर १७८३ पर्यंतची. डिसेंबर १७७३ मध्ये बोस्टनच्या बंदरात चहाच्या पेट्या बुडवणाऱ्यांना मात्र त्याआधीचे असूनही घेतात.

अमेरिकेबाहेरच्यांनाही जागा आहे. यॉर्कटाउनच्या निर्णायक लढाईत लढलेले फ्रेंच शिपाई, स्पॅनिश सेनानी बर्नार्दो दे गाल्व्हेझच्या हाताखाली मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावर इंग्रजांशी लढलेले स्पॅनिश शिपाई, यांचे वंशजही अर्ज करतात. टेक्सास, न्यू मेक्सिकोकडच्या जुन्या स्पॅनिश घराण्यांतल्या कितीतरी बायका या वाटेने आल्या आहेत.

मला हा नियम फार आवडतो. सैन्य पोटावर चालतं, आणि ते पोट भरणाऱ्याचं नाव सहसा कुठे कोरलेलं नसतं.

४. सुनेच्या घराण्यावरून माझ्या मुलाला सभासद होता येईल का? आणि नातवंडांना?

मुलाला नाही. इथे रक्ताचं नातं लागतं, लग्नाचं चालत नाही. सुनेला डीएआरमध्ये जाता येईल, वय अठरा पूर्ण हवं. नातीला बावीसच्या आत असेपर्यंत मुलांच्या संस्थेत, पुढे डीएआरमध्ये. नातवाला पुढे एसएआरमध्ये. नातवंडांचं आडनाव कुलकर्णी असो की पाटील, कोणी विचारत नाही; त्यांचं रक्त आईकडून त्या पूर्वजापर्यंत पोचतं, एवढं पुरे. वर्ण आणि धर्म यांची आज अट नाही. आज का म्हटलं, ते प्रश्न ११ मध्ये.

डीएआरमध्ये परस्पर अर्ज टाकून होत नाही. जवळच्या शाखेशी बोलावं लागतं, तिथल्या बायका भेटतात, कागद तपासायला मदत करतात. आमच्या गावच्या शाखेतल्या ऐंशीच्या बाईंनी सुनेसाठी तीन वेळा जिल्ह्याच्या कचेरीत खेप घातली.

५. मुलीकडून आलेला वंश चालतो? आमच्या वंशावळीत मुलींची नावंच नसतात.

चालतो. डीएआर आणि एसएआरमध्ये बाप, आई, आजी, पणजी, कुठल्याही फांदीवरून वर चढता येतं. आपल्याकडच्या कुर्सीनाम्यात मुलगी लग्न होऊन गेली की रेघ तुटते; इथल्या अर्जात अर्ध्याहून जास्त दुवे बायकांचे असू शकतात. मात्र त्याने काम अवघड होतं, कारण लग्नाआधीचं आडनाव शोधावं लागतं. सुनेच्या नऊ पिढ्यांत पाच वेळा आडनाव बदललं. सिनसिनाटीचा नियम वेगळा आहे, प्रश्न १२ पाहा.

६. कागद कोणते लागतात?

अर्जदाराच्या जवळच्या पिढ्यांचे जन्म, लग्न, मृत्यूचे दाखले. हे काम सोपं, फी भरली की मिळतात. त्याच्या मागे गेलात की दाखले संपतात. मग मृत्युपत्रं, जमिनीचे खरेदीखत, चर्चच्या नोंदवह्या, थडग्यावरचा मजकूर, घरच्या बायबलच्या मधल्या पानांवर शाईने लिहिलेली जन्म-मृत्यूची यादी.

जनगणना दर दहा वर्षांची आहे, पण तिच्यावर फार विसंबू नका. १८५० च्या आधी फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव लिहीत. बाकीचे म्हणजे नुसते आकडे, अमुक वयाचे इतके पुरुष, इतक्या बायका. कुटुंबप्रमुखाशी नातं काय, हे १८८० पासून लिहू लागले. आणि १८९० ची जनगणना १९२१ च्या आगीत जवळजवळ सगळी गेली. त्यामुळे १८८० आणि १९०० च्या मध्ये वीस वर्षांचं भगदाड आहे. त्या वीस वर्षांत जन्मून, लग्न होऊन घरातून गेलेली मुलगी आईबापांसोबत एकाही जनगणनेत दिसत नाही.

मूळ कागद कधीही पाठवू नका. प्रती पाठवा, आणि प्रतीवर तो कुठल्या कचेरीतल्या कुठल्या पुस्तकाच्या कितव्या पानावरचा, हे लिहा.

७. १८५० च्या मागे काहीच सापडत नाही. आता?

निवृत्तिवेतनाचे अर्ज बघा. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातलं खरं धन तेच आहे.

युद्ध खात्याच्या कचेरीला ८ नोव्हेंबर १८०० ला आग लागली आणि सैनिकांच्या मूळ नोंदी मोठ्या प्रमाणावर जळाल्या. पण १८१८ मध्ये गरजू सैनिकांना निवृत्तिवेतन देण्याचा कायदा झाला आणि १८३२ मध्ये तो गावोगावच्या सैन्यदलात किमान सहा महिने काढलेल्यांनाही लागू झाला. तोवर ही माणसं सत्तरी-ऐंशीची झाली होती. त्यांना जिल्ह्याच्या न्यायालयात उभं राहून शपथेवर सगळं सांगावं लागे. न्यायाधीश ठरलेले प्रश्न विचारत: जन्म कुठे, कोणत्या साली? वयाची नोंद कुठे आहे? बोलावणं आलं तेव्हा कुठे राहत होतास? स्वखुशीने गेलास, नेमणुकीने, की दुसऱ्याच्या बदली? अधिकारी कोण होते? सुटकेचा कागद मिळाला होता का? शेजारचं कोण साक्ष देईल?

सुनेच्या पूर्वजाची जबानी चार पानांची आहे. सुटकेचा कागद कुठे गेला, या प्रश्नाला त्याचं उत्तर असं की होता, बायकोने पेटीत जपून ठेवला होता, पण घर बदलताना पेटी गेली. शेवटी सही नाही. फुली आहे, आणि तिच्या दोन्ही बाजूंना कारकुनाने त्याचं नाव लिहिलं आहे. ती फुली पडद्यावर मोठी करून मी किती वेळ बघत बसले.

विधवांनाही १८३६ पासून वेतन मिळू लागलं. तिने लग्न सिद्ध करायला हवं होतं, म्हणून कित्येकींनी बायबलचं पान फाडून अर्जासोबत जोडलं. ती पानं आजही राष्ट्रीय अभिलेखागारात त्या त्या फायलीत आहेत. मुलांची नावं, तारखा, सगळं. म्हणून नुसत्या सैनिकाच्या नावाने शोधून थांबू नका, विधवेची फाइल आहे का ते बघा. काही सैनिकांनी म्हातारपणी तरुण मुलींशी लग्नं केली. या युद्धाच्या शेवटच्या विधवेचं वेतन १९०६ साली ती गेल्यावर बंद झालं.

८. एका कागदावर नाव पॉली आणि दुसऱ्यावर मेरी. दोघी वेगळ्या का?

बहुधा एकच. पॉली हे मेरीचं घरचं नाव. तसंच पेगी म्हणजे मार्गारेट, सॅली म्हणजे सेरा, पॅट्सी म्हणजे मार्था. आपल्याकडे घरात बाळी आणि रेशनकार्डावर सरस्वती, तसंच. पण असं म्हणून भागत नाही, दोघी एकच हे दाखवणारा तिसरा कागद लागतो. आमचे कागद याच एका दुव्यावर सात महिने अडले. चूक माझीच होती, मी ते गृहीत धरलं. शेवटी बापाच्या मृत्युपत्रात ‘माझी मुलगी मेरी’ आणि वाटणीच्या पावतीवर ‘पॉली’, त्याच नवऱ्याच्या नावासह, असं एकाच प्रकरणात सापडलं.

आडनावाचं स्पेलिंग तर प्रत्येक कारकून आपापल्या कानाने लिहीत असे. पेन्सिल्व्हेनियातल्या जर्मन नावांचे पाच-सहा अवतार सहज निघतात.

९. त्याच पूर्वजावरून दुसरं कोणी आधीच सभासद झालं असेल तर काम कमी होतं का?

खूप कमी होतं. डीएआरची पूर्वजांची सूची इंटरनेटवर फुकट बघता येते. तुमच्या पूर्वजाचं नाव तिथे असेल तर सेवेचा पुरावा बहुधा झालेलाच असतो. एखाद्या चुलत आजीने १९६० मध्ये अर्ज केला असेल, तर तिच्यापर्यंतच्या पिढ्याही मिळतात आणि तुम्हाला फक्त खालचे दुवे जोडायचे उरतात. एक सावधगिरी: जुन्या काळी पुराव्याबाबत ढिलाई होती. शंभर वर्षांपूर्वी चाललेला अर्ज आज चालेलच असं नाही.

१०. डीएनए चाचणी करून दिली तर? आणि दत्तक मुलाचं काय?

नुसत्या चाचणीवर काम होत नाही, कारण तुम्ही दोघं नातेवाईक आहात एवढं ती सांगते; कुठल्या पूर्वजामार्फत ते सांगत नाही. कागदाच्या जोडीला आधार म्हणून तिचा उपयोग आहे.

दत्तक मुलाला दत्तक घराण्यावरून प्रवेश नाही. जन्मदात्यांचा वंश सिद्ध करता आला तर त्यावरून आहे. आपल्याकडे दत्तक मुलाला गोत्र मिळतं, वतन मिळतं, तो श्राद्ध करतो. म्हणून हे उत्तर देताना मला दर वेळी वाईट वाटतं. पण नियम असा आहे.

११. पूर्वज गुलाम असेल तर? आणि या संस्थेने काळ्या गायिकेला गाऊ दिलं नव्हतं, हे खरं का?

दोन्हींचं उत्तर नीट देते. सुमारे ५,००० कृष्णवर्णीय माणसं स्वातंत्र्याच्या बाजूने लढली असं मानलं जातं. ऱ्होड आयलंडच्या पलटणीत १७७८ मध्ये गुलामांना मुक्ततेच्या बोलीवर भरती केलं. त्यांच्या वंशजांना पूर्ण हक्क आहे, अडचण कागदाची आहे. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची यादी मालकाच्या नावाखाली, नुसतं वय, लिंग आणि वर्ण लिहून. दक्षिणेतल्या बहुतेक कुटुंबांची नावं पहिल्यांदा १८७० मध्ये दिसतात. त्याच्या मागे जायचं तर मालकाच्या घरची मृत्युपत्रं आणि मालमत्तेच्या याद्या वाचाव्या लागतात, जिथे माणसं गाईगुरांच्या ओळीखाली मांडलेली असतात. हे वाचायला छाती लागते.

मेरियन अँडरसनची गोष्टही खरी आहे. १९३९ मध्ये डीएआरने आपल्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये त्यांना गायला नकार दिला. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलेनॉर रूझवेल्टनी सभासदत्वाचा राजीनामा दिला, आणि ९ एप्रिलला, ईस्टरच्या दिवशी, अँडरसन लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर सुमारे ७५,००० लोकांसमोर गायल्या. पुढे १९४३ मध्ये त्या त्याच सभागृहात गायल्या. पहिली ज्ञात आफ्रिकन-अमेरिकन सभासद थेट १९७७ मध्ये आली. २००८ मध्ये डीएआरने कृष्णवर्णीय आणि मूळनिवासी देशभक्तांची हजारो नावं असलेला मोठा ग्रंथ काढला. संशोधकांना तो आज फार उपयोगी पडतो. नात सभासद होणार असेल तर तिला हे सगळं आधी सांगा. लपवून ठेवण्यासारखं नाही.

१२. सिनसिनाटीचं सभासदत्व इतकं अवघड का?

कारण तिथे एका अधिकाऱ्यामागे साधारण एकच माणूस, आणि हक्क थोरल्या वंशातून खाली येतो. मे १७८३ मध्ये, सैन्य विखुरण्याआधी, न्यूयॉर्कजवळच्या छावणीत वॉशिंग्टनचा सेनानी हेन्री नॉक्स याच्या पुढाकाराने ही संस्था निघाली. वॉशिंग्टन मरेपर्यंत तिचे अध्यक्ष होते. नाव रोमन सेनापती सिनसिनाटसवरून: लढाई संपताच जो नांगराकडे परतला.

देशाने नुकताच राजा झुगारला होता, त्यामुळे थोरल्या मुलाकडे जाणारं पदक पाहून लोक भडकले. बेंजामिन फ्रँकलिनने १७८४ च्या जानेवारीत मुलीला लिहिलेल्या पत्रात हिशोबच मांडला: मुलात बापाचा वाटा निम्मा, नातवात पाव, असं करत नवव्या पिढीत मूळ वीराचा वाटा ५१२ मधला एक. सन्मान द्यायचाच तर चिनी लोकांसारखा वर जाऊ द्यावा, आईबापांना द्यावा, ज्यांनी असा मुलगा घडवला. वॉशिंग्टननीही वारशाचं कलम काढायचा आग्रह धरला. सर्वसाधारण सभेने मानलं, पण सगळ्या राज्यांच्या शाखांनी मान्यता दिली नाही आणि कलम राहिलं. फ्रँकलिन नंतर मानद सभासद झाला.

फ्रँकलिनचा हिशोब मला पटतो. आणि तरीही, तो वाटा ५१२ मधला एक असो, त्या एकासाठी कोणी २४० वर्षांपूर्वीचं मृत्युपत्र वाचायला बसतं, यालाही मी किंमत देते.

१३. पूर्वज इंग्लंडच्या राजाच्या बाजूने लढला असं निघालं. आता सगळं संपलं का?

अमेरिकेत संपलं, कॅनडात सुरू झालं. राजनिष्ठांपैकी बरेच तिकडे गेले आणि त्यांच्या वंशजांची स्वतंत्र संघटना आहे. वंश सिद्ध झाला की नावापुढे ‘यूई’ (युनायटेड एम्पायर) ही अक्षरं लावता येतात. काही घराण्यांत एक भाऊ इकडे, एक तिकडे, तेव्हा दुसरी फांदीही तपासा.

आधी इकडे लढून नंतर फितूर झालेल्याची सेवा धरत नाहीत. अमेरिकन सेनानी बेनेडिक्ट अरनॉल्ड साराटोगाच्या लढाईत पायात गोळी खाऊन जिंकला, पुढे इंग्रजांना मिळाला. तिथे त्याच्या बुटाचं स्मारक आहे, त्यावर नाव नाही.

१४. आमचे पूर्वज १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांशी लढले. तारीख बसते, शत्रूही तोच. मग?

हा प्रश्न येतो तेव्हा मला आनंदच होतो. पण नाही. सेवा अमेरिकेच्या स्वातंत्र्यासाठी झालेली असावी लागते, आणि महादजी शिंदे आपल्या राज्यासाठी लढत होते.

धागे मात्र जुळलेले आहेत. इंग्रजांशी हिंदुस्थानात कोण लढतंय याच्या बातम्या फिलाडेल्फियाला पोचत. पेन्सिल्व्हेनियाच्या एका लढाऊ जहाजाचं नावच ‘हैदर अली’ होतं. ८ एप्रिल १७८२ ला त्या जहाजाने डेलावेअरच्या उपसागरात ‘जनरल मंक’ हे इंग्रजी जहाज पकडलं. त्या जहाजावरच्या खलाशाचा वंशज एसएआरमध्ये जाऊ शकतो, हैदरचा नाही. आणि यॉर्कटाउनला हरलेला कॉर्नवॉलिस पुढे आपल्याकडे गव्हर्नर जनरल होऊन आला.

१५. यादवी युद्धात दक्षिणेकडून लढलेल्यांच्या संस्थेचं बोलावणं आलं आहे. जावं का?

पूर्वज दक्षिणेचा होता यात लाज नाही, कोणी पूर्वज निवडून घेत नाही. पण या संस्थांनी, विशेषतः १८९४ च्या युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसीने, ते युद्ध गुलामगिरीसाठी नव्हतंच अशी कहाणी पुतळ्यांतून आणि शाळेच्या पुस्तकांतून पसरवली. पूर्वजाचे कागद जरूर जमवा. त्यासाठी सभासद व्हावं लागत नाही. मी माझ्या नातीला पाठवणार नाही.

१६. सभासद झाल्यावर काय करायचं असतं?

सभा, वर्गणी, जुन्या थडग्यांची निगा, शाळकरी मुलांच्या निबंधस्पर्धा. नागरिकत्वाची शपथ घेताना दाराशी छोटा झेंडा हातात देणाऱ्या, छातीवर फितीला बिल्ले टाचलेल्या बायका तुम्ही पाहिल्या असतील, त्या बहुधा याच. मला शपथेच्या दिवशी अशाच एका बाईंनी झेंडा दिला. त्यांच्या बिल्ल्यावर चरखा पाहून मी थबकले. डीएआरचं चिन्ह चरखाच आहे, तेरा आऱ्यांचा, कडेला तेरा तारे. तेरा वसाहतींचे.

१७. आपल्याकडे असं काही आहे का? माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात गेले होते.

वंश सिद्ध करून सभासद व्हायची अशी मोठी संस्था आपल्याकडे रुजली नाही. पानिपतला १४ जानेवारीला मराठी माणसं जमतात, पण दाराशी कोणी वंशावळ मागत नाही. कागद मात्र आपल्याकडेही आहेत: पुण्याचं पेशवे दप्तर, इनामाची चौकशी झाली तेव्हा दाखल केलेले कुर्सीनामे, त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यांच्या वह्या.

पणजोबांसाठी आधी गावात चौकशी करा. साताऱ्याकडे आणि कोकणात चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत इंग्रज सरकारने बसवलेली पाटी असते: या गावातून अमुक माणसं महायुद्धास गेली, पैकी इतकी कामी आली. बऱ्याच पाट्यांवर फक्त आकडा असतो, नाव नसतं. पणजोबा परत आले नसतील, तर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या सूचीत नाव, पलटण आणि बापाचं नाव यावरून शोधता येतं, फी नाही. काही मराठा पलटणी पूना डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) होत्या आणि कूतच्या वेढ्यात एप्रिल १९१६ मध्ये कैद झाल्या, तेव्हा बसरा आणि बगदादकडच्या नोंदी आधी बघा. नावाची स्पेलिंगं तीन-चार प्रकारे करून पाहा (प्रश्न ८ मधलंच दुखणं). पणजोबांचा शिपाई क्रमांक घरातल्या पदकाच्या कडेवर कोरलेला असतो. पदक तिरकं धरून, उजेडात, भिंगाने वाचा.